शस्त्रक्रियेनंतरचे ताट

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत चरबी काढत नाहीत. पोटावर, कमरेवर, दंडांवर साठलेली चरबी शस्त्रक्रियेनंतरही जिथल्या तिथे असते आणि त्या दिवशी रुग्णाचे वजन जवळपास तेवढेच भरते. शस्त्रक्रिया होते ती जठरावर, काही प्रकारांत लहान आतड्यावरही. वजन उतरते ते पुढच्या वर्ष-दीड वर्षात, रोजच्या ताटातून. शस्त्रक्रियेला तास-दोन तास लागतात आणि ताटाचे काम जन्मभर चालते. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतल्या रुग्णाच्या बाबतीत ही दोन कामे दोन वेगळ्या गावांत होतात. जठर लहान होते नागपुरात आणि ताट वाढले जाते घरी.

हे दोन तालुके ५ ऑक्टोबर २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते, त्या दिवसापासून पांढुर्णा हा मध्य प्रदेशातला स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, शेतात संत्रा आणि कापूस. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्याची सीमा मध्ये आली, तरी मोठ्या दुखण्याची वाट बदलली नाही. आजही गंभीर आजारी माणसाबद्दल गावात ‘नागपूरला नेलं’ असेच सांगतात. पांढुर्ण्याहून येणारा आणि सौंसरहून येणारा, असे दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र होतात आणि पुढे नागपूर फार दूर राहत नाही.

या शस्त्रक्रियेची चर्चा या भागात पोचली ती बहुतेक प्रसिद्ध माणसांमुळे. नागपूरचे नितीन गडकरी भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, सप्टेंबर २०११ मध्ये, मुंबईत त्यांच्यावर ती झाली. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी आपले वजन एके काळी १३५ किलो होते आणि आता ९३ आहे असे सांगितले. तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना त्यांनी कमी होणाऱ्या प्रत्येक किलोमागे मतदारसंघाच्या विकासासाठी हजार कोटींचा शब्द दिला. फिरोजिया यांनी आहार आणि व्यायामाने बरेच किलो उतरवले. म्हणजे शस्त्रक्रियेविना वजन उतरत नाही असे नाही. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमदला या शस्त्रक्रियेसाठी खास विमानाने मुंबईत आणले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे वर्तमानपत्रांतून घरोघरी कळले आणि ही शस्त्रक्रिया अशा टोकाच्या माणसांसाठीच असते असा समज पसरला. त्याच वर्षी मध्य प्रदेश पोलिसांतल्या एका निरीक्षकाचे छायाचित्र समाजमाध्यमावर थट्टेसाठी फिरवले गेले. सुमारे १८० किलो वजनाच्या त्या माणसावर नंतर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. ओळखदेख नसलेल्या हजारो लोकांनी एका आजारी माणसाला हसावे, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. शाळेतल्या चिडवण्यापासून लग्नाच्या बोलण्यांपर्यंत लठ्ठ माणसाला हेच सोसावे लागते. म्हणून पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रिया लपवतात आणि ‘पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं’ असे सांगतात.

लठ्ठपणा हा आळसाचा किंवा जिभेच्या हावरेपणाचा पुरावा मानला जातो, ते चुकीचे आहे. माणूस खाणे कमी करून वजन उतरवू लागला की शरीर त्याच्या विरोधात उभे राहते. भूक वाढवणारी संप्रेरके वर जातात, पोट भरल्याचा निरोप देणारी खाली येतात आणि विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जाही घटते. दोन महिने पोळी सोडून आठ किलो उतरवलेल्या माणसाचे दिवाळीपर्यंत दहा किलो परत येतात, ते या रेट्यामुळे. वजन फार वाढलेल्यांत नुसत्या पथ्याने उतरलेले वजन वर्षानुवर्षे टिकण्याचे प्रमाण थोडे आहे. शस्त्रक्रियेचे खरे काम हा विरोध मवाळ करण्याचे आहे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, हे उंचीच्या मानाने वजन किती यावर ठरते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेली मर्यादा ४० ची होती, मधुमेहासारखा आजार सोबत असल्यास ३५ ची. भारतीय शरीराला हे माप लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, अशी माणसे या दोन तालुक्यांत गल्लोगल्ली दिसतात. त्यांना कोणी लठ्ठ म्हणत नाही, आणि शुगर मात्र चाळिशीच्या आत निघते. म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली आणली गेली: ३७.५, आणि सोबत आजार असेल तर ३२.५. पाच फूट तीन इंच उंचीच्या बाईच्या बाबतीत ते वजन अनुक्रमे ९६ आणि ८३ किलोच्या आसपास येते. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात आशियाई लोकांसाठी २७.५ च्या पुढेही शस्त्रक्रिया विचारात घ्यावी असे म्हटले आहे. विम्याचे माप मात्र जुनेच राहिले. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांत ४०, किंवा गंभीर आजारांसह ३५, ही अट आहे. वैद्यकाच्या मते पात्र असलेला रुग्ण विम्याच्या दृष्टीने अपात्र ठरू शकतो आणि मग खर्चासाठी जमिनीकडे किंवा दागिन्यांकडे पाहावे लागते. हा अन्याय दूर व्हायला हवा.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या बऱ्याच असतात. रक्त, हृदय, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, दुर्बिणीतून जठर, आणि घोरणाऱ्यांसाठी झोपेची तपासणी. रात्री श्वास अडखळत असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळावे लागते. तंबाखू बंद करावी लागते. या भागात त्याचा अर्थ खर्रा बंद, आणि अनेक पुरुषांना भाकरी सोडण्यापेक्षा ते जड जाते. शेवटचे दहा-पंधरा दिवस कमी उष्मांकाचा, बराचसा पातळ आहार दिला जातो. त्यामुळे चरबीने सुजलेले यकृत आकसते आणि त्याच्या आड असलेले जठर सर्जनला नीट दिसते. याच काळात समुपदेशन होते. त्याला रुग्णासोबत बहुधा नवरा किंवा मुलगा येतो, कारण पैसे आणि सह्या त्यांच्याकडे असतात. घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती तिथे असणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे. सासू, जाऊ, सून, जी कोणी चुलीपाशी असते तिने आहारतज्ज्ञाचे बोलणे स्वतः ऐकले तर पुढचे निम्मे अडथळे टळतात.

शस्त्रक्रियेचा इतिहास फार लांबचा नाही. १९५० च्या दशकात आतड्याचा मोठा भाग वगळून पाहिले, पण कुपोषण आणि यकृताचे विकार वाढल्याने तो मार्ग सोडावा लागला. अमेरिकेतल्या आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६० च्या दशकात जठराचा बायपास सुरू केला. १९९४ पासून तो दुर्बिणीने होऊ लागला आणि पोटावरच्या वीतभर छेदाच्या जागी पाच-सहा लहान छिद्रे आली. आज भारतात स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रिया अधिक होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात. लिटरभर मावणाऱ्या जठराची एक अरुंद नळी उरते, तीत जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावते. कापून काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक मुख्यतः तयार होते. ते १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना सापडले. म्हणून स्लीव्हनंतर जागा कमी होते तशी भूकही कमी होते. पुष्कळ रुग्ण सांगतात की जेवणाची वेळ झाली हे त्यांना घड्याळ पाहून कळते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, त्यामुळे अन्न वाटेतला टप्पा चुकवून जाते. मधुमेहावर याचा परिणाम वजन उतरण्याआधीच, काही दिवसांत दिसतो. अमेरिकन सर्जन वॉल्टर पोरीस यांनी १९९५ साली तो ठामपणे मांडला, तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे ४,००० लठ्ठ माणसांचा पाठपुरावा केला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. स्टेपलच्या रेषेतून गळती, रक्तस्राव आणि पायांतल्या शिरांत गुठळी हे धोके आहेत, पण अनुभवी हातांत ते मोजक्याच रुग्णांना भोगावे लागतात.

शुद्धीवर आल्यावर पहिली तक्रार पोटाची नसते. खांदा दुखतो. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूचा त्रास श्वासपटलाला होतो आणि वेदना खांद्यात जाणवते. त्याच संध्याकाळी परिचारिका रुग्णाला उठवून चालवते, कारण पडून राहिले तर गुठळी होण्याची भीती. मग पाणी येते, औषधाच्या बाटलीवरच्या झाकणाएवढ्या मापात. तीस मिलिलिटर पाणी दहा-पंधरा मिनिटांत घोटघोट संपवायचे असते. उन्हातून आल्यावर तांब्या तोंडाला लावणाऱ्या माणसाला पाणीही मोजून प्यावे लागते हे इथे पहिल्यांदा उमगते. घाईने मोठा घोट घेतला की छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखे होते आणि ते उतरेपर्यंत माणूस गप्प बसून राहतो. दोन-तीन दिवसांनी सुट्टी मिळते. परतीच्या प्रवासात सावनेरला गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे आणि दोन घोट पाणी घ्यावे, हे घरच्यांनी लक्षात ठेवायचे.

घरी पहिले दोन आठवडे फक्त पातळ: वरणाचे पाणी, ताक, गाळलेले सूप, दूध आणि प्रथिनांची पावडर. पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न. नेहमीचे म्हणजे अर्धी वाटी. घास बारीक, पंचवीस-तीस वेळा चावलेला. जेवताना पाणी नाही, त्यानंतरही अर्धा तास नाही. ताटात आधी प्रथिने, मग भाजी, उरलेल्या जागेत भाकरी. रोज साठेक ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात. शाकाहारी घरात हा हिशेब पुष्कळ अवघड होतो. पनीर, दही, घट्ट वरण, मोड आलेली कडधान्ये आणि पावडर मिळून कसाबसा तो जुळतो. ताजी मऊ पोळी आणि भात यांचा गोळा होऊन तो अडकतो. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करली की पुष्कळांना सोसते. जठर भरल्याची खूणही बदलते. काहींचे नाक गळू लागते, काहींना एकदम उचकी लागते. ती खूण दिसली की घास खाली ठेवायचा, त्यापुढचा एक घासही उलटीत जातो.

संत्रा हा इथल्या घरचाच. आंबिया बहाराची फळे थंडीत उतरतात, मृगाची उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि बागेत उभ्याने पाच-सहा फळे खाणे ही मोजण्याची गोष्ट नसते. अरुंद जठराला मात्र फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि शिरा पचत नाहीत. त्यांचा गोळा होऊन वाट बंद झाल्याचे प्रकार वैद्यकात नोंदलेले आहेत. फोड उभी चिरायची, बी काढायची, पापुद्रा उलटवून आतला रसाळ गर तेवढा दाताने काढायचा आणि चोथा टाकून द्यायचा, हे माणसाला नव्याने शिकावे लागते. रस काढून पिणे सोपे वाटते, पण त्यात साखर झरकन आतड्यात उतरते. बायपास झालेल्यांना त्याने घाम फुटतो, छाती धडधडते, अंग गळून जाते. पुरणपोळीचेही तेच. उपवासाची साबुदाण्याची खिचडी तर दोन्हीकडून नडते, तीत पिष्ट भरपूर आणि प्रथिने नावालाच.

सगळ्यांत कठीण असतो आग्रह. या मुलखात जेवायला वाढणे म्हणजे प्रेम दाखवणे, आणि नको म्हणणे म्हणजे ते नाकारणे. रोडगे आणि वांग्याच्या भाजीच्या पंगतीत, लग्नात, तेरवीत वाढणारा हात ताटावरून हलत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार ही दगडफेकीची जत्रा असते, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात आणि घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. त्या घरातली शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती बऱ्याचदा स्वयंपाक करणारी बाईच असते. जगभर या शस्त्रक्रियेच्या रुग्णांत स्त्रियाच अधिक आहेत. ती सकाळपासून पुरण शिजवते, वाटते, पोळ्या लाटते, तुपाची धार सोडत वाढते. सर्वांची जेवणे झाल्यावर वाटीत चार चमचे घट्ट वरण घेऊन ती वीस मिनिटे एकटी बसते. पातेल्याला लागलेले संपवून टाकण्याची, उरलेली अर्धी पोळी वाया जाऊ नये म्हणून तोंडात टाकण्याची जन्माची सवय तिला सोडायची असते. त्या वीस मिनिटांत कोणी तिच्याजवळ बसले, ‘एवढंच?’ असे न विचारता बसले, तर तिचा दिवस सुसह्य होतो. हे काम घरच्यांचे आहे, ते कोणतेही रुग्णालय करू शकत नाही.

वजन पहिल्या सहा महिन्यांत झपाट्याने उतरते. स्लीव्हमध्ये मूळ वजनाचा सुमारे चौथा हिस्सा जातो, बायपासमध्ये थोडा अधिक. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, ब्लाउज उसवून पुन्हा शिवावे लागतात, गुडघे जिना चढताना कुरकुरत नाहीत. शुगरच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या बंद होतात, आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच बंद करायच्या असतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस पुंजक्याने गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्याचा तो परिणाम असतो आणि प्रथिने नीट मिळाली तर केस परत येतात. गाल बसतात, चेहरा ओढलेला दिसतो आणि बाजारात भेटणारा प्रत्येक जण ‘आजारी आहेस का?’ विचारतो. बाईला मूल हवे असेल तर वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षितपणे राहू शकतात, ही गोष्ट तिला आधीच सांगितली जायला हवी. लोंबणारी कातडी राहतेच, तिच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागते. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि अधिक चढते, आणि जेवणाचा आधार गेलेली काही माणसे तिच्याकडे वळतात. घरच्यांनी तिकडे डोळे उघडे ठेवावेत.

गावातल्या उपचारांबद्दल दोन गोष्टी जिवाशी निगडित आहेत. कंबर किंवा गुडघा दुखला की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणून घ्यायची सवय सर्वत्र आहे. बायपास झालेल्या जठरात त्या गोळ्यांनी व्रण होतो आणि तो फुटूही शकतो. दुसरी गोष्ट उलट्यांची. शस्त्रक्रियेनंतरच्या काही आठवड्यांत उलट्या थांबत नसतील तर शरीरातला थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा संपतो. एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. अशक्तपणा समजून गावात ग्लुकोजची सलाईन लावली आणि आधी थायमिन दिले नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचे नाव, तारीख आणि सर्जनचा फोन लिहिलेला कागद रुग्णाजवळ असावा आणि तो गावच्या डॉक्टरांना आधीच दाखवलेला असावा. शस्त्रक्रिया लपवून ठेवणे घातक ठरते ते इथे.

दोन-तीन वर्षांनी वजन थोडे परत चढते. चार-पाच किलो चढणे अपेक्षितच असते. त्याहून अधिक चढले तर रुग्ण लाजेने तपासणीला जाणे टाळतो, आणि नेमके तेव्हाच त्याने जायला हवे. २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शने भारतात आली. शस्त्रक्रियेऐवजी, तशीच शस्त्रक्रियेनंतर परत चढलेल्या वजनासाठीही, डॉक्टर ती देतात. ती बंद केली की वजन बहुधा परतते आणि खर्च दर महिन्याचा असतो. काहींना स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास इतका वाढतो की स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करावे लागते.

जन्मभराच्या पाठपुराव्यातला बराचसा भाग गावातच होऊ शकतो. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांसाठी रक्त पांढुर्ण्याला किंवा सौंसरला द्यायचे आणि रिपोर्ट फोनवर नागपूरला पाठवायचा. बी-१२ चे इंजेक्शन कोणत्याही दवाखान्यात घेता येते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या नसतात, दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवायचे असते. नागपूरला जावे लागते ते सर्जनच्या वार्षिक भेटीसाठी आणि स्लीव्ह झालेल्यांना ठरावीक वर्षांनी दुर्बिणीतून अन्ननलिका तपासून घेण्यासाठी, त्रास काहीही होत नसला तरी.